भिंतीकडची बाजू

प्रमोद रामटेके पोटापाण्यासाठी ‘नाही’ म्हणत असे. सिंगापूरमध्ये तुआसच्या एका शिपयार्डात तो सेफ्टी ऑफिसर होता. क्रेनचा दोर जरा विरलेला दिसला की काम बंद. वेल्डिंगच्या जवळ रंगाचा डबा दिसला की काम बंद. आभाळ गडगडलं की वरची माणसं खाली, आणि काम बंद. तिथले तमिळ आणि बांगलादेशी कामगार त्याला पाठीमागे ‘स्टॉप सर’ म्हणायचे. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. आपल्या यार्डात कुणाचं साधं बोटसुद्धा चेचलं गेलेलं नाही, हा अभिमान घेऊन तो रोज संध्याकाळी जुराँगच्या फ्लॅटवर परत यायचा.

अडचण एवढीच, की घरी आल्यावरही हा माणूस ड्यूटीवरच असायचा. रविवारी ओळखीची चार मराठी कुटुंबं वंदनेला जमली, की बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती पडद्यापासून पुरेशी लांब आहे का हे आधी बघितलं जायचं आणि मगच त्रिसरण सुरू व्हायचं. मुलगी ऋचा लहान असताना बागेतल्या झोपाळ्यावर आधी हे स्वतः बसून झोके घेऊन बघायचे, आणि बाकावरच्या चिनी आज्या तोंडाला हात लावून हसायच्या. ऋचा सायकल शिकली ती डोकं, कोपरं, गुडघे सगळं बांधून घेऊन. “पोरगी सायकल चालवतेय की कुणी पार्सल पाठवलंय, लांबून कळायचं नाही,” असं त्याची बायको अंजली अजूनही सांगते.

त्या वयात ऋचा दिवसातून दहादा विचारायची, “पप्पा, जाऊ का?” आणि दहातल्या आठ वेळा उत्तर ठरलेलं असायचं. मग कधीतरी तिचं विचारणं थांबलं. भांडण झालं नाही, दारं आपटली गेली नाहीत. ती फक्त सांगू लागली, आणि तेही आईला. “आई, संडेला मॅच आहे.” “आई, फ्रेंड्सबरोबर उबीन बेटावर चाललेय, सायकलिंग.” प्रमोदला हे सगळं जेवणाच्या टेबलावर, उडत उडत कळायचं. आता ती युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये खेळायची. तिचा एकही सामना त्याने पाहिलेला नव्हता. कुणी बोलावलंच नाही, असं तो स्वतःला समजवायचा. खरं कारण त्यालाही माहीत होतं. बघता बघता आपण मध्येच उठून काहीतरी थांबवायला जाऊ, ही भीती मुलीलाही होती आणि त्यालाही होती.

म्हणून एका संध्याकाळी ऋचा समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “पप्पा, तुमच्याकडे एक काम होतं,” तेव्हा प्रमोदने हातातला घास ताटात परत ठेवला. अंजली वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधक होती. प्रयोग सुरू असताना मध्ये बोलायचं नाही ही तिची जुनी सवय. ती दोघांकडे बघत राहिली.

“आमचं ग्राउंड खोदून ठेवलंय, नवीन टर्फ घालतायत,” ऋचा म्हणाली. “सेमीफायनल दुसरीकडे घ्यायची आहे. ते कॅनॉलच्या बाजूला जुनं बेसबॉल स्टेडियम आहे ना? आजी-आजोबांच्या काळातलं? ते मिळतंय. या वर्षानंतर ते बंद होणार, रिनोव्हेशन. पण कुणीतरी क्वालिफाइड माणसाने ग्राउंड बघून सही द्यायला पाहिजे, की सेफ आहे म्हणून. मी कोचना सांगितलं, माय फादर इज द मोस्ट क्वालिफाइड पर्सन इन सिंगापूर, लाह.”

“असं म्हणालीस?”

“म्हणजे थोडं वेगळं म्हणाले. पण मीनिंग तेच. बघाल का? कॅन ऑर नॉट?”

“बघतो.”

“तुमचं ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’ असतं.”

“या वेळी ‘बघतो’ म्हणजे बघतो,” प्रमोद म्हणाला. इतक्या वर्षांनी पोरीने काहीतरी मागितलं होतं. या खेपेला तोंडातून ‘नाही’ निघालं, तर पुन्हा ती कधी मागायची नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं.

शनिवारी सकाळी बापलेक मैदानावर पोचले. ऋचाच्या कोच मिसेस टे आधीच येऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. स्टेडियम म्हातारं होतं पण देखणं होतं. विटांच्या भिंती, लाकडी बाकं, वर पत्र्याचं छप्पर, आणि समोर हातपंख्याच्या आकाराचं मैदान. पंख्याच्या मुठीशी तांबडी माती आणि तिच्या मध्यभागी एक उंचवटा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा त्याच्यावर उभा राहतो. पंख्याच्या रुंद बाजूला हिरवळ. जुनी वास्तू जपणाऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, की माती आणि उंचवटा यांना धक्का लावायचा नाही, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही. म्हणजे फुटबॉल खेळायचं ते उरलेल्या हिरवळीवर.

आता हातपंख्यावर चौकोनी रुमाल अंथरायचा, तर कुठेतरी टोक बाहेर जाणारच. ऋचाने आणि प्रमोदने टेप धरून मैदान आडवं मोजलं, तिरकं मोजलं, पुन्हा आडवं मोजलं. कॅनॉलच्या बाजूला पुष्कळ मोकळी जागा होती आणि पुढे नुसती जाळी. दुसऱ्या टोकाला मात्र शेवटची रेघ आणि प्रेक्षकांच्या स्टँडची विटांची भिंत, यांच्यामध्ये जेमतेम एक खाट मावेल एवढंच अंतर राहत होतं. आणि या खेळात मुली शेवटच्या रेघेकडे जीव खाऊन पळतात. चेंडू हातात घेऊन पळणारीच्या कमरेला दोन फिती लटकत असतात. अंगाला हात लावायचा नाही, फीत ओढून काढली की ती थांबली आणि चाल संपली. फीत शाबूत ठेवून चेंडूसकट शेवटच्या रेघेअलीकडच्या पट्ट्यात शिरली, की सहा गुण. तेव्हा पट्ट्यात शिरताना कुणी ब्रेक लावत नसतं.

“गाद्या उभ्या केल्या तर?” मिसेस टे म्हणाल्या.

“खिळ्याशिवाय उभ्या केलेल्या गाद्या घसरतात,” प्रमोद इंग्रजीत म्हणाला. “मैदान थोडं आखूड केलं तर?”

“लीग मान्य करणार नाही.”

प्रमोदने भिंतीवरून हात फिरवला. जुन्या, दणकट, कडा धारदार राहिलेल्या विटा. त्याने तोंड उघडलं, आणि ऋचाने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून टेप गुंडाळायला घेतली. वाद नाही, विनवणी नाही. “ओके, पप्पा,” ती म्हणाली. “थँक्स फॉर कमिंग.”

ते ‘ओके’ त्याला फार लागलं. पाहुण्याला दारापर्यंत सोडताना बोलतात तसं ते होतं. यार्डात कुणी शिव्या घातल्या तरी तो शांत झोपायचा, पण त्या ‘ओके’ने त्याचा दिवस नासला. एमआरटीच्या गाडीतून परत येताना ऋचा फोनमध्ये डोकं घालून बसली आणि तो खिडकीतून जुराँगच्या इमारती बघत बसला.

रविवारी सकाळी अंजलीने पोहे पुढे ठेवले, तर नवरा खाईना. त्याने पोह्यांची ताटली मध्ये सरकवली, तिच्यावर घडी घातलेला कागदी रुमाल ठेवला, रुमालाच्या एका टोकाला शेवेचा डबा उभा केला आणि त्याकडे टक लावून बसला.

“हे खायचंय की बांधायचंय?” अंजलीने विचारलं.

“ही भिंत आहे,” डब्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. “इकडे पोरी पळत येणार.”

“मग इकडे येऊ नका म्हणावं. तुमच्या त्या फोर्कलिफ्टवाल्यांना सांगता तसं.”

प्रमोदने तिच्याकडे पाहिलं. यार्डात गोदामाच्या भिंतीलगत एक अरुंद बोळ होता, तिथे फोर्कलिफ्ट समोरासमोर यायच्या. त्याने तो रस्ता एकेरी करून टाकला होता, आणि तेव्हापासून तिथे साधा ओरखडा उमटला नव्हता. रस्ता एकेरी होतो, तर मैदान का होऊ नये? दोन्ही टीमनी चढाई करायची ती फक्त कॅनॉलच्या दिशेने. चेंडू एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे गेला, की सगळ्यांनी बाजू बदलायची आणि पुन्हा तोंड कॅनॉलकडेच करायचं. भिंतीकडे कुणी पळणारच नाही.

त्याने ऋचाला उठवलं. ती डोळे चोळत आली, रुमालाकडे आणि शेवेच्या डब्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळूहळू हसू लागली. “पप्पा, धिस इज सो मॅड,” ती म्हणाली. “आणि हे चालेल. आय थिंक हे खरंच चालेल.” तिने टेबलाचा फोटो काढून कोचना पाठवला. मिसेस टेंचं उत्तर आलं, की अमेरिकेत कुठेशी असं केल्याचं त्यांनी ऐकलंय. चार दिवसांत लीगने होकार दिला, प्रमोदने सही केली, आणि तो आठवडा तो घरात हिरो होता. ऋचा तीनदा त्याच्याशी आपणहून बोलली. अंजलीने आपल्या वाट्याच्या श्रेयावर उदार मनाने पाणी सोडलं.

या एकेरी रस्त्यात एक भोक राहून गेलं होतं. ते ना प्रमोदला दिसलं, ना कोचना, ना लीगला. आनंदात असलेली माणसं भोकं शोधत नाहीत.

सामन्याच्या दिवशी सकाळची वंदना आटोपल्यावर प्रमोदने जमलेल्यांना आमंत्रण दिलं. असला प्रकार त्याने आयुष्यात केला नव्हता. निशिकांत आणि त्याची बायको संजीवनी आले, शिवाय आणखी दोन कुटुंबं आली. निशिकांत त्याचा नागपूरपासूनचा दोस्त. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. दुपार कलली होती तरी ऊन चटके देत होतं, म्हणून प्रमोदने सगळ्यांना छपराच्या गर्द सावलीत, पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. चिवडा निघाला, ताकाच्या बाटल्या निघाल्या. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं, की आपण बरोब्बर भिंतीच्या वर बसलो आहोत, आणि दोन्ही टीमच्या सगळ्या मुली आपल्याकडे पाठ करून पलीकडे पळतायत. जे काही घडायचं ते पार दुसऱ्या टोकाला. गुण मिळाला की तिकडची माणसं उठून नाचायची, आणि इकडे अंदाजाने टाळ्या पडायच्या.

“प्रमोदभाऊ,” निशिकांत म्हणाला, “तुम्ही आम्हाला सामना दाखवायला आणलंय, की सामन्यापासून सुरक्षित ठेवायला?”

“सावली आहे ना? मग बसा की,” प्रमोद म्हणाला. तोही हसला. त्याचं मन निवांत होतं. आपली योजना डोळ्यांसमोर चालताना बघण्यासारखं सुख नाही. चेंडूचा ताबा बदलला की शिट्टी वाजायची, मुली कुरकुर न करता बाजू बदलायच्या, आणि भिंतीलगतचं गवत सामन्याआधी होतं तसंच्या तसं उभं होतं.

आणि मग हळूहळू त्याला आपली मुलगी दिसू लागली. म्हणजे दिसत होती आधीपासून, पण तो रेघा, अंतरं आणि भिंत बघण्यात गुंतला होता. ऋचा बचाव करणाऱ्यांत होती. समोरची टीम चेंडू घेऊन यायची आणि ही मागे सरकत सरकत कुणाच्या तरी वाटेत बरोबर जाऊन उभी राहायची. एकदा एका उंच मुलीने हिला हुलकावणी दिली, ही वळली, दोन ढांगांत तिला गाठून फीत उपसून काढली आणि ती फीत त्या मुलीच्या हातात अगदी अदबीने परत दिली. गुडघ्यांना पॅड बांधून हळूहळू पायडल मारणारी पोरगी प्रमोदच्या डोक्यात बसलेली होती. ही कुठली मुलगी, कधी शिकली ही असं पळायला, आणि हे सगळं चार वर्षं चाललं असताना आपण रविवारी घरी बसून काय करत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचा राग आला.

सामना बरोबरीत चालला होता. वेळ संपत आली. चेंडू समोरच्या टीमकडे होता आणि एकच चाल उरली होती. बरोबरीवर सुटला तर जादा चालींवर निकाल लागणार होता. समोरच्या टीमने ठरवलं, की ही शेवटची चाल मोठी खेळायची. त्यांच्या मुलीने सगळा जोर लावून चेंडू लांब, कॅनॉलच्या दिशेने फेकला.

तो चेंडू जिच्यासाठी होता तिच्या हातात पडलाच नाही. मध्ये ऋचा उडी मारून वर गेली आणि तिने तो हवेतच झेलला.

निशिकांत उभा राहिला. संजीवनीच्या हातातला चिवडा सांडला. शिट्टी वाजली नाही, कारण वाजायचं कारणच नव्हतं. चाल अजून चालू होती. खेळाचा नियम असा, की दुसऱ्याचा चेंडू मध्येच पकडला तर पकडणारीने उलट दिशेला पळायचं. आणि उलट दिशेला म्हणजे भिंतीकडे. प्रत्येक चाल कॅनॉलच्या दिशेने सुरू करायची, एवढंच प्रमोदने ठरवलं होतं. सुरू झालेली चाल मध्येच उलटली तर काय, हा विचार कुणी केलाच नव्हता.

ऋचा पळत सुटली. समोर मोकळं मैदान, मागे दोघीतिघी, आणि त्याही कमी पडत चाललेल्या. ती मान खाली घालून, चेंडू पोटाशी धरून, सरळ भिंतीच्या दिशेने येत होती. शेवटच्या पट्ट्यात शिरली की सहा गुण आणि सामना खिशात. त्या पट्ट्यानंतर खाटेएवढी जागा, आणि त्यानंतर विटा.

प्रमोदला हे सगळं एका क्षणात दिसलं. भिंत त्याच्या पायांखालीच होती. पंचवीस वर्षं ज्या शब्दावर त्याने पोट भरलं, तो शब्द ओरडण्यासाठी यापेक्षा योग्य वेळ येणार नव्हती. तो ताडकन उठला, कठड्यावर दोन्ही हात आपटले आणि यार्डात क्रेनच्या आवाजावर चढवायचा त्या आवाजात ओरडला,

“पळ, ऋचा! पळ!”

अंजलीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मैदानावर ऋचाने मान वर केली. वर कठड्यावर वाकलेला बाप, आणि त्याच्या खाली अगदी समोर आलेली भिंत, दोन्ही तिला एकदमच दिसलं असावं. तिने टाचा रोवल्या, अंग मागे टाकलं, गवतावर घसरत दोन-तीन पावलं पुढे आली आणि पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली. मागून येणाऱ्या मुलीने तिची फीत ओढली. शिट्टी वाजली. वेळ संपली होती.

मग जादा चाली झाल्या, कॅनॉलच्या दिशेने, नियमाप्रमाणे. समोरच्या टीमने आपल्या संधीचे सहा गुण केले. ऋचाच्या टीमच्या हातून चेंडू सुटला. तिकडचे लोक नाचले. इकडे कुणी अंदाजाने टाळ्या वाजवल्या नाहीत. निशिकांतने प्रमोदच्या पाठीवर हात ठेवला आणि तो ताकाच्या बाटल्या पिशवीत भरू लागला.

प्रमोद खाली उतरला. मुली घोळक्याने गवतावर बसल्या होत्या, एकदोघी रडत होत्या. मिसेस टे त्याच्याजवळ आल्या. “मलाही सुचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “या लीगमध्ये चेंडू अडवून एवढं लांब कुणी पळतच नाही.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “तुमची मुलगी पळते, हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.”

ऋचा एकटी बाकावर बसली होती. बूट काढलेले, पाय बर्फाच्या बादलीत. प्रमोद तिच्या शेजारी बसला. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल? भोक ठेवल्याबद्दल, की त्याहून वाईट जे केलं त्याबद्दल?

“बरं झालं थांबलीस,” तो शेवटी म्हणाला. “भिंत दिसली ना तुला?”

“भिंत नंतर दिसली,” ऋचा म्हणाली. “आधी तुमचा आवाज आला. पप्पा, तुम्ही ‘पळ’ म्हणालात.”

“हो.”

“तुम्ही कधीच ‘पळ’ म्हणत नाही. नॉट वन्स. मला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. फायर, ऑर समथिंग. म्हणून वर बघितलं.” तिने बर्फातला एक पाय बाहेर काढून पुन्हा आत ठेवला. “नाहीतर मी बघितलंच नसतं. सरळ आत गेले असते.”

आपण ‘थांब’ ओरडलो असतो, तर ती थांबली नसती, हे प्रमोदला उमगलं. ते तर ती जन्मभर ऐकत आली होती. त्या शब्दाकडे तिचे कान कधीच बंद झाले होते.

“ऋचा,” तो म्हणाला, “मला भिंत दिसत होती. तुझा गैरसमज झालाय. मी तुला सावध नाही केलं. मला सगळं दिसत होतं, तरी मला तू जिंकायला हवी होतीस. दुसरं काही डोक्यात नव्हतं. मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि मी तसं ओरडलो.”

ऋचाने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. “हे माझ्या टीमला सांगू नका हं,” ती म्हणाली. “दे थिंक आय एम व्हेरी डिसिप्लिन्ड.”

“नाही सांगत.”

“सेमीफायनल गेली ना पप्पा. शेवटचं वर्ष होतं माझं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “वाईट वाटतंय मला. फार वाटतंय.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो झटकला नाही. स्टँडमधली माणसं पांगली होती. वर अंजली पिशव्या सांभाळत उभी होती आणि खाली यायची घाई करत नव्हती.

थोड्या वेळाने प्रमोद म्हणाला, “पुढच्या रविवारी फायनल इथेच आहे. मी सही मागे घेतो. आजच कळवतो.”

“नो.” ऋचाने पाय बादलीतून बाहेर काढले. “दुसऱ्यांची फायनल आहे ती. त्यांनी पण वर्षभर वाट बघितली असेल. लगेच बंद कशाला करायचं?”

“मग काय करायचं?”

प्रश्न त्याच्या तोंडून गेला तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. ऋचाने टॉवेलने पाय पुसले. “या बाजूला पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे आणखी एक रेघ मारायची,” ती म्हणाली. “चेंडू अडवून कुणी उलटी पळत आली, तर त्या रेघेवर पोचली की गुण. तिथून पुढे फक्त थांबायला जागा. पण रेघ कुठे मारायची ते बघायला पाहिजे. म्हणजे फुल स्पीडमध्ये आलेल्या मुलीला थांबायला किती लागतं ते.”

“ते मोजावं लागेल,” प्रमोद म्हणाला. “एखादी खरोखर पळून आली तरच कळेल.”

“मग मोजू या.”

“पाय दुखत असतील तुझे.”

ऋचाने नुसत्या भुवया उंचावल्या. तिने बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि रिकाम्या मैदानातून चालत पार मधल्या रेघेपर्यंत गेली. प्रमोद टेप घेऊन भिंतीजवळ गेला. तिथे त्याने जरा विचार केला, टेप खाली ठेवली, आणि विटांना पाठ लावून, दोन्ही हात पुढे पसरून उभा राहिला. चुकून थांबता आलं नाही, तर मध्ये आपण असलेलं बरं.

लांबून ऋचाने हात वर करून विचारलं, की तयार का?

ऊन उतरलं होतं. प्रमोदने छाती भरून श्वास घेतला.

“पळ,” तो म्हणाला. आणि ती त्याच्याकडे पळत सुटली.